दीपमाला कांद्याच्या नावाचा रणसंग्राम

श्रीगोदावरी साक्ष. समस्त वाचणारे आणि ऐकणारे लहानथोर यांसी विनंती ऐसी जे, शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सरी, म्हणजे इंग्रजी सन दोन हजार नऊ साली, शहर नाशिक येथे एका कांद्याच्या नावावरून जो रणसंग्राम जाहला, त्याची हकीकत ज्याने त्याने आपल्या सोयीने सांगोन बहुत विपर्यास केला. कोणी म्हणतो, कांदा महागला म्हणोन भांडण जुंपले. कोणी म्हणतो, बागूल सरांचे डोके फिरले. कोणी तर म्हणतो, असे काही घडलेच नाही, आणि हे म्हणणारे तेच, जे त्या दिवशी पुढील रांगेत बसोन होते. ऐशियास खरा मजकूर एकवार लिहोन ठेवावा या हेतूने ही बखर. या युद्धात रक्त सांडले नाही. परंतु एकीची सारी उमर पुसली जात होती आणि दुसऱ्याची सारी उमर पणाला लागली होती, म्हणोन त्यास युद्धच म्हणावे.

प्रथम रणभूमीचे वर्णन. गंगापूर रस्त्यास एका दवाखान्याच्या माडीवर गोदाकाठ विज्ञान मंडळाचे ठाणे होते. तेथे दर महिन्यास व्याख्यान होई, व्याख्यानास श्रोते बेताचे आणि चहास भरपूर असत. मंडळाच्या तख्तावर श्रीमंत चिमाजीराव पिंगळे, कृषिखात्याचे निवृत्त अधिकारी, सफारीधारी, घंटाबहाद्दर, हे विराजमान होते. घंटाबहाद्दर हा किताब यासाठी की, सभेत त्यांस न रुचणारा मजकूर निघाला की ते मेजावरील पितळी घंटा वाजवीत आणि मग पुढील विषय घेत. त्या घंटेखाली कित्येक शूर वक्ते धारातीर्थी पडले होते.

चिटणिशीचा अधिकार राजश्री जीवनराव बागूल यांजकडे होता. हे वनस्पतिशास्त्राचे अध्यापक, मूळ मुलूख बागलाण, गाव सटाणे, उमर चाळिशीस टेकलेली, स्वभाव असा की रस्त्यात कोणाचा धक्का लागला तर तेच माफी मागोन पुढे जात. लग्न जाहले नव्हते. सटाण्याहून मातोश्री सोयरिकींच्या फौजा वरचेवर रवाना करीत, आणि जीवनराव प्रथम पीएचडीच्या तटामागे लपले, आणि पीएचडी संपली तेव्हा मग पाठदुखीचा खंदक खणोन बसले. मातोश्री फोनवरोन अहिराणीत पुसत, "लगीन करानं शे का नई तुले?" आणि जीवनराव म्हणत, "देखूत, माय." खरे कारण ते स्वतः जाणत होते, आणि एके काळी पुण्यातील एक मित्र जाणत होता. त्या मित्राने यथावकाश लग्न करोन घेतले आणि जीवनरावांस पत्रिका पाठविली. जीवनराव त्या लग्नास गेले, जेवले, जोडप्याबरोबर फोटो काढिला, आणि परतीच्या गाडीत नारायणगावापासोन सिन्नरपावेतो खिडकीबाहेर पाहात बसले.

त्याच वर्षीच्या आषाढात दिल्लीच्या उच्च न्यायालयाने निवाडा दिला की, दोन सज्ञान पुरुषांनी अथवा दोन सज्ञान स्त्रियांनी राजीखुशीने आपल्या घरात एकत्र येणे हा गुन्हा नव्हे. ते वर्तमान जीवनरावांनी शिक्षकांच्या खोलीत वाचिले, आणि मग ते पान खाली घालोन वर क्रिकेटचे पान ठेविले, आणि नळाशी जाऊन बराच वेळ तोंड धुतले.

आता ज्यांच्या कीर्तीवरून हे सारे घडले, त्यांचे वर्णन. कैलासवासी ललिताबाई शिरोडे या कांद्याच्या संशोधक. पूर्वी कांदाचाळीत साठविलेला उन्हाळी कांदा पावसाळ्यात सडोन त्याचे पाणी होई, आणि शेतकरी नाकास पदर लावोन तो उकिरड्यावर ओतीत. ललिताबाईंनी लासलगाव आणि नांदगावच्या मुलखात जीप घेऊन हिंडावे, कोणाच्या चाळीत श्रावण सरला तरी कांदा टणक राहिला ते पाहावे, त्याचे बी मागोन घ्यावे, आणि मग वर्षानुवर्षे त्यातून निवड करीत राहावे, ऐसे करोन त्यांनी एक वाण सिद्ध केला, जो दिवाळीपावेतो चाळीत ठणठणीत राही. त्या वाणाचे नाव त्यांनी दीपमाला ठेविले. अर्ध्या जिल्ह्याने तो लाविला. ललिताबाई अकरा वर्षांपूर्वी निवर्तल्या, कांदा चालूच राहिला.

मंडळास पन्नास वर्षे पुरी होत होती. तेव्हा मसलत ठरली की, जिल्ह्यातील विज्ञानवेत्त्यांचे दालन करावे, प्रत्येकाची तसबीर लावावी आणि खाली दगडात मजकूर कोरावा. बाकीचे सर्व फलक लागले होते, एक ललिताबाईंचा राहिला होता. त्याचा संगमरवर देण्याचे त्यांचे भाचे, भांडी बाजारातील नामांकित व्यापारी मनोजशेठ शिरोडे, यांनी कबूल केले होते. मजकूर खुद्द चिमाजीरावांनी लिहिला. तो असा की, ललिताबाईंनी आजन्म ब्रह्मचर्य पाळोन विज्ञानाशीच विवाह केला, आणि मंदिरापुढील दीपमाळेची प्रेरणा घेऊन आपल्या वाणास दीपमाला हे मंगल नाव दिले. मग जीवनरावांस हुकूम जाहला की, पंचवटीत बाईंच्या जुन्या घरी कोणी गायधनीबाई राहतात, त्यांजकडून एक बरासा फोटो घेऊन यावा.

जीवनराव होळकर पूल ओलांडोन पंचवटीत दाखल जाहले. दुसऱ्या मजल्यावर दारास पाटी होती, तीवर शिरोडे आणि गायधनी ऐशी दोन्ही नावे एकाच अक्षरात रंगविलेली होती. दार उघडले ते दीपमालाबाई गायधनी यांनी. सरकारी इस्पितळातील निवृत्त परिचारिका, सत्तरीच्या पुढील, ताठ, आणि नजर ऐशी की समोरच्याचा ताप हात न लावता कळावा.

"या. चिटणीस तुम्हीच का? त्या खुर्चीवर नका बसू, ती हलते. ललिता दुरुस्त करणार होती."

जीवनराव दुसऱ्या खुर्चीवर बसले, चहा आला, आणि मग त्यांनी फलकाचा मजकूर वाचोन दाखविला. ब्रह्मचर्यापाशी बाईंच्या ओठांस हालचाल जाहली. दीपमाळेपाशी त्या ऐशा हसल्या की बशीत चहा सांडला.

"देवळाची दीपमाळ? अहो, ललिता देवळाच्या दारात चपला राखत उभी राहायची. आत मी जायचे."

"मग नाव कशावरून...?"

"माझं नाव काय आहे?"

"दीपमाला," जीवनराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांस उमगले.

"वाण मंजूर झाला त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, तुझं नाव दिलंय. मी आठवडाभर बोलले नाही तिच्याशी. म्हटलं, लोक बायकांची नावं गुलाबाला देतात, तुला कांदा सुचला! तर म्हणते कशी, गुलाब दोन दिवसांत गळतो. हा पावसाळा काढतो."

मग बाईंनी सर्व वृत्तांत सांगितला. ललिताबाई विषमज्वराने इस्पितळात आल्या, दीपमालाबाईंच्या वॉर्डात पडल्या, बऱ्या जाहल्या तरी घरी जाण्याचे नाव घेईनात, आणि पुढे दोघींनी मिळोन हे घर घेतले. लोक काय म्हणत, ऐसे जीवनरावांनी भीत भीत पुसले.

"लोकांना कुठे काय सांगावं लागतं? दोन नोकरदार बायका, सोबतीला राहतात. उत्तर तेच तयार करतात, आपण फक्त मान हलवायची. ते सोपं होतं. अवघड झालं ती गेली तेव्हा. पेपरात छापून आलं, पश्चात भाचे, सुना, नातवंडं. मी ह्याच घरात होते. भेटायला येणाऱ्यांना चहा करत होते. मनोजच्या बायकोने मला सांगितलं, मावशी, साखर कमी टाका."

बाई उठल्या आणि भिंतीवरील फोटो काढोन आणिला. कांद्याच्या शेतात दोघी उभ्या, उन्हाने डोळे बारीक, आणि दीपमालाबाईंचा हात ललिताबाईंच्या खांद्यावर.

"एवढाच बरा आहे. बाकी सगळ्या फोटोंत ती वाकून कांदे बघतेय. माझं नाव लिहा असा हट्ट नाही माझा. पण देवळाचं लिहू नका. मी अजून जिवंत आहे हो."

जीवनरावांनी मान डोलाविली. जाताना दारात बाईंनी सहज पुसले, "तुम्ही एकटेच राहता?"

"हो. म्हणजे, लग्नाला वेळच मिळाला नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "ललितापण बाहेर हेच सांगायची. वेळ नाही मिळाला."

हे ऐकोन जीवनराव जिना इतक्या त्वरेने उतरले की फोटो वरच राहिला, आणि तो आणण्यास पुन्हा चढोन जावे लागले. बाई फोटो घेऊन दारातच उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे थोरपण.

तदनंतर मोहिमेस तोंड लागले. जीवनरावांनी मजकुरातून देऊळ काढिले आणि तेथे लिहिले की, या वाणास ललिताबाईंनी आपल्या सहचारिणी दीपमाला गायधनी यांचे नाव दिले. हा 'सहचारिणी' शब्द म्हणजे या युद्धातील मुख्य किल्ला जाणावा. मसुदा चिमाजीरावांच्या हुजुरात गेला आणि तांबड्या शाईने घायाळ होऊन परत आला. सहचारिणी पडली, तेथे 'जिवलग मैत्रीण' हे ठाणे बसले. जीवनरावांनी सही केली. मग मनोजशेठ खुद्द चिमाजीरावांच्या घरी येऊन बसले आणि म्हणाले की, आत्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे, भांडी बाजारात तोंड दाखवायचे कसे. तेव्हा 'जिवलग' पडला, नुसती 'मैत्रीण' उरली. जीवनरावांनी सही केली. मग 'मैत्रीण' जाऊन 'स्नेही' आले, आणि 'स्नेही' हटोन 'परिचित' आले. जीवनराव प्रत्येक वेळी मनाशी म्हणत की, एवढे जाऊ द्यावे, पुढील ठिकाणी पाय रोवावे, आणि मग पुढील ठिकाणी सही करीत. ऐसी शिस्तबद्ध माघार दक्षिणेत क्वचितच कोणी घेतली असेल.

फोटोचीही तीच दशा. हुकूम जाहला की दुसरी बाई कापोन काढावी. संगणकवाल्याने दीपमालाबाई कापल्या, परंतु ललिताबाईंच्या खांद्यावरचा हात राहिला. तो पुसावयास जावे तर खांदाही जाई. संगणकवाला म्हणाला, "सर, हात लय घट्ट बसलाय. काढला तर बाईच वाकडी दिसते." तेव्हा ठरले की हात राहू द्यावा, लोक समजतील पदराची घडी आहे.

चिमाजीरावांविषयी मात्र वाचणाराने गैरसमज करोन घेऊ नये. ते दुष्ट नव्हते. फोनवर जीवनरावांस कळवळ्याने म्हणाले, "अहो बागूल, बाई देवमाणूस होती. हाताखाली काम केलंय मी तिच्या. तिच्या नावाला उगाच डाग कशाला?" चिमाजीरावांच्या मनी ललिताबाईंचा आदर अपार होता, आणि त्या आदरापायी ते बाईंचे अर्धे आयुष्य गाडावयास निघाले होते.

अखेर 'परिचित' हा शब्द घेऊन जीवनराव पंचवटीस गेले. दीपमालाबाईंनी चष्मा लाविला आणि मसुदा वाचिला.

"परिचित? दूधवाला परिचित आहे माझा."

"मी प्रयत्न केला, बाई."

"कुठे केलात?" बाईंनी बोटाने एकेक खाडाखोड दाखविली. "हा शब्द खोडला, खाली तुमची सही. हा खोडला, खाली तुमची सही. मला प्रयत्न दिसत नाही, बागूल. मला सह्या दिसतात."

आणि मग आवाज न चढविता म्हणाल्या, "तुम्हाला कशाची भीती वाटते ते मला कळतं. म्हणून रागावत नाही. पण चहा आज नाही टाकत."

जीवनराव पायी परतले. होळकर पुलावर मध्येच थांबले, खाली गोदावरीचे पाणी गढूळ वाहत होते, आणि त्यांस आपली घृणा आली. दुसरे दिवशी सकाळी वृत्तपत्रात एक लहान वर्तमान होते. टुरिंग नामे इंग्रज गणिती, ज्यांनी संगणकशास्त्राचा पाया घातिला आणि महायुद्धात शत्रूचे गुप्त संदेश उलगडण्यास मोठा हात दिला, ते पुरुषावर प्रेम करीत म्हणोन त्यांच्या सरकारने त्यांजवर खटला केला, तुरुंग चुकविण्यासाठी त्यांस औषधे टोचोन घ्यावी लागली, आणि दोन वर्षांत ते विष पोटात जाऊन मेले. त्याबद्दल आता, पंचावन्न वर्षांनी, विलायतेच्या पंतप्रधानांनी माफी मागितली होती. जीवनराव खुर्चीत थिजोन बसले. कारण हे टुरिंग त्यांस पुरते ठाऊक होते. सूर्यफुलात बियांची नक्षी कशी उमटते, देठावर पाने कोणत्या क्रमाने येतात, यावर त्या गणित्याने आखरीच्या काळात काम केले होते, आणि जीवनराव ते दरसाल वर्गात शिकवीत. नाव सांगत, जन्म आणि मृत्यूचे साल सांगत, आणि मधल्या जागी काय घडले ते ठाऊक असोन सांगत नसत. मुलींनी विचारिले की, सर, एवढ्या लवकर कसे वारले, तर म्हणत, परीक्षेत येणार नाही.

पितृपक्ष चालू होता. त्यात शुभकार्य करीत नाहीत, भांडणास मुभा असते. मंडळाची कार्यकारिणी त्याच पक्षात भरली. चिमाजीराव घंटेसह तख्तावर, उजवे बाजूस मनोजशेठ, पुढे सभासद, आणि चहाच्या मेजापाशी अध्यक्षांच्या सौभाग्यवती सरुबाई, ज्या मंडळाच्या स्थापनेपासोन रसदखाते सांभाळीत होत्या. शेवटल्या रांगेत दीपमालाबाई येऊन बसल्या. त्यांस आमंत्रण नव्हते. परंतु मंडळाच्या दारावर सर्वांस मुक्त प्रवेश ऐसी पाटी होती, ती त्यांनी वाचली असावी.

चिमाजीरावांनी फर्माविले की, विज्ञानाच्या इतिहासात माणसाचे संशोधन पाहावे, त्याच्या खासगी आयुष्याशी इतिहासास कर्तव्य नाही, सबब 'परिचित' हाही शब्द काढावा आणि मूळ मजकूर कायम करावा. सभासदांनी माना डोलाविल्या. मग हरकत कोणाची, ऐसे रिवाजाप्रमाणे पुसले, आणि उत्तराची वाट न पाहता हात घंटेकडे नेला.

इतक्यात जीवनराव उठले. त्यांनी पुढील खुर्चीची पाठ धरली.

"अध्यक्षमहाराज, तत्त्व मला मान्य आहे. खासगी आयुष्य नको. फक्त ते सगळ्यांना लावू. दालनातल्या प्रत्येक फलकावर लिहिलंय, सौभाग्यवतींच्या खंबीर साथीने. अर्धांगिनीच्या त्यागामुळे. ती सगळी नावं काढू. आजच ठराव करू."

दरबारात एकच गलबला जाहला. कारण त्या सभेत कोणाचे वडील, कोणाचे सासरे, कोणाचे गुरुजी फलकावर होते, आणि दाराशी संस्थापकांच्या फलकावर खुद्द चिमाजीराव होते. चहाच्या मेजाकडून कपबशी आपटल्याचा आवाज आला.

"म्हणजे माझं नाव काढणार?" सरुबाई पुसत्या जाहल्या.

"तसं नाही गं," चिमाजीराव म्हणाले.

"मग कसं? मी काय संशोधन केलं? पन्नास वर्षं चहाच केलाय की. तरी ह्यांनी लिहिलं ना माझं नाव? मग त्या बाईचं का नको?"

चिमाजीरावांनी घंटा वाजविली. सरुबाईंवर घंटा वाजविण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग, आणि आखरीचाही. सरुबाईंनी तिकडे असे पाहिले की घंटा मेजावर आपोआप आडवी जाहली.

तेव्हा मनोजशेठांनी जाणिले की आघाडी फुटत चालली. ते उठले आणि हसत म्हणाले, "बागूल सरांना एवढा पुळका कशापायी आलाय, ते तरी कळू द्या. नातं काय ह्यांचं?" आणि मग शेजाऱ्यास म्हणाल्यासारखे, परंतु सर्वांस ऐकू जाईल ऐसे, "का सर पण त्यातलेच हायेत?"

दोघेतिघे हसले. जीवनरावांच्या कानांत शिट्टी वाजू लागली. सटाण्याचा ओटा, मातोश्री, वर्गातील पोरे, शिक्षकांची खोली, भाड्याचे घर, हे सर्व एका क्षणात डोळ्यांपुढोन गेले. माघारीचा रस्ता त्यांस पाठ होता. नुसते हसावयाचे, काहीतरीच काय शेठ म्हणावयाचे, आणि खाली बसावयाचे. आजवर प्रत्येक वेळी ते खाली बसले होते. त्यांनी शेवटल्या रांगेकडे पाहिले. दीपमालाबाई त्यांजकडे पाहात नव्हत्या. त्या मुद्दाम खिडकीबाहेर पाहात होत्या, म्हणजे जीवनरावांवर आपल्या नजरेचे ओझे न पडावे.

"हो," जीवनराव म्हणाले. "मी पण त्यातलाच."

हसणे थांबले.  आणि मग, इतकी वर्षे तटामागे राहिलेली फौज एकदम बाहेर पडावी तसे त्यांचे बोलणे सुरू जाहले. त्यांनी टुरिंगांची हकीकत सांगितली, सूर्यफुलाची नक्षी सांगितली, वर्गात आपण काय गाळत आलो ते सांगितले. म्हणाले, "मी पोरगा असताना मला कोणी सांगितलं असतं, की एवढा मोठा माणूस असा होता, तर मी स्वतःला आजारी समजलो नसतो. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं पोरगं असतं तसं. मला ओळखू येतं. मी त्याला काही सांगत नाही. परीक्षेत येणार नाही म्हणतो." एवढे बोलोन ते उभेच राहिले, कारण बसावयाचे कसे ते सुचेना.

 तेव्हा दीपमालाबाई उठल्या आणि दोन्ही रांगांमधोन चालत तख्तापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"चिमाजी, तुम्ही आमच्याकडे किती वेळा जेवलात?"

"पुष्कळदा, बाई."

"तुम्हाला माहीत होतं?"

चिमाजीरावांची मुद्रा खाली गेली. "माहीत होतं. म्हणून तर झाकत होतो."

"झाकायला ती काय उघडी पडली होती?"

 अध्यक्षांनी रुमालाने डोळे टिपले, आणि हे रडणे होते की सर्दी, याविषयी मंडळात अद्यापि दोन तट आहेत.

"माहीत होतं ना? मग लिहा," बाई म्हणाल्या, आणि जाऊन सरुबाईंशेजारी बसल्या. सरुबाईंनी त्यांजपुढे कप सरकविला आणि म्हणाल्या, "साखर किती टाकू?"

मग मते घेतली. कित्येक हात ललिताबाईंच्या प्रेमाने वर गेले, आणि कित्येक आपापल्या घरच्या फलकाच्या भयाने. बखरीस हेतूंशी कर्तव्य नाही, हात मोजावयाचे. फलकावर 'सहचारिणी' लिहावे, हा ठराव मंजूर जाहला. मनोजशेठांनी जागचे जागी संगमरवर परत घेतला आणि आत्याशी आपला संबंध संपला ऐसे जाहीर करोन जिना उतरले. दोन सभासदांनी राजीनामे दिले, त्यांपैकी एक पुढील व्याख्यानास चहाच्या वेळी हजर होते.

या विजयाची किंमत जीवनरावांनी भरली, तीही नमूद करणे प्राप्त. महाविद्यालयात कोणी काही बोलले नाही, फक्त शैक्षणिक सहलीच्या प्रमुखपदावरोन त्यांस विश्रांती देण्यात आली. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची काही दिवस रिकामी राहू लागली. मग एके दिवशी एक विद्यार्थी शंका विचारावयास आला, शंका सूर्यफुलाची होती, आणि ती विचारून जाहल्यावरही तो बराच वेळ उठला नाही. जीवनरावांनीही त्यास उठविले नाही.

सटाण्यास तर त्यांस स्वतः जाणे भाग होते, दुसऱ्याने सांगण्यापूर्वी. मातोश्री ओट्यावर बाजरी पाखडीत होत्या. जीवनरावांनी खाली मान घालोन सर्व सांगितले. सूप थांबले. मातोश्रींनी पुसले, "तो पुणाना पोऱ्या व्हता का?"

जीवनराव थक्क जाहले. म्हणाले, "व्हता, माय."

 सूप पुन्हा चालू जाहले, आधी भराभर, मग हळू. संध्याकाळी त्यांनी हाक मारली ती एवढीच, "जेवाले बस." त्या रडल्या असाव्यात, डोळे लाल होते. परंतु त्या दिवसापासोन सोयरिकींच्या फौजा बंद जाहल्या.

इकडे संगमरवर गेला, तेव्हा चिमाजीरावांनी स्वतःच्या घरचा उरलेला कडप्पा दिला, जो स्वयंपाकाच्या ओट्याचा होता. गोटीराम पाथरवटाने त्यावर अक्षरे कोरली. फोटो पुरा लाविला, हाताच्या मालकिणीसह. मग कार्तिकात अनावरणाचा दरबार भरला. चिमाजीराव आले, सरुबाई आल्या, लासलगावाकडील काही शेतकरी आपल्या चाळीतले दीपमाला कांदे टोपलीत घालोन घेऊन आले, आणि दिवाळी सरली तरी ते टणक होते. दीपमालाबाई नवे लुगडे नेसोन आल्या. पडदा बाजूस जाहला, टाळ्या जाहल्या, आणि बाईंनी चष्मा लावोन मजकूर सावकाश वाचला.

वाचता वाचता त्या एका जागी थांबल्या. जीवनरावांनी मागोन पाहिले आणि त्यांच्या अंगास घाम सुटला. दगडात कोरले होते 'सहचारीणी'. चौथे अक्षर ऱ्हस्व असावयाचे ते दीर्घ जाहले होते. इतके महिने त्या शब्दावरून लढाई जाहली, तो किती वेळा खोडला, किती वेळा लिहिला, आणि तो असावा की नसावा या झुंजीत तो लिहावा कसा, हे पाहावयास एकालाही फुरसत मिळाली नव्हती. चिमाजीराव कळवळोन म्हणाले की, दगड बदलू, आजच्या आज बदलू.

"काही नको," दीपमालाबाई म्हणाल्या. त्यांनी ती वेलांटी बोटाने चाचपली. "दीर्घच राहू द्या. आमचं ऱ्हस्वात मावलं नसतं."

येणेप्रमाणे शके एकोणीसशे एकतीस, विरोधी नाम संवत्सरी, कार्तिकमासी, गोदाकाठ विज्ञान मंडळाच्या दालनात उत्तरेकडील भिंतीवर एक शब्द कायमचा दाखल जाहला, आणि त्या शब्दाचे अशुद्धलेखन सर्वानुमते शुद्ध मानिले गेले. फत्ते जाहली ती ऐसी. जैसे घडले तैसे लिहिले, वेलांटी तेवढी दगडावर आहे तशीच ठेविली.